स्विस ईमेल घेतला की निर्धास्त, असं कृपया छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटर-मोबाईलच्या टिप्सची एक चौकट येते, त्यात मागच्या आठवड्यात लिहिलं होतं की एन्क्रिप्टेड ईमेल वापरा, कंपनी स्वित्झर्लंडची बघून घ्या, तिथले कायदे कडक आहेत, मग तुमचा मेल जगात कोणीच वाचू शकत नाही, निर्धास्त राहा. ते कात्रण आमच्या केंद्रात येणारी एक ताई घडी घालून पर्समधून घेऊन आली आणि म्हणाली, मॅडम हे बघा, पेपरात पण आलंय. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, जागा कमी पडली तर माझं गाव कापा, नाव कापा, पण मधले मुद्दे कापू नका ही विनंती.

मी सांगलीत सतरा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बायकांच्या एका समुपदेशन केंद्रात जाते. तिथे माझं काम म्हणजे मोबाईलचं लोकेशन बंद करून देणे, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर चालू आहे का ते बघणे, नवीन ईमेल काढून देणे असलं. मागच्या वर्षी एका बाईला वकिलांशी बोलायला वेगळा मेल हवा होता, नवऱ्याच्या हाती लागायला नको असा, मी तिला एक एन्क्रिप्टेड सर्व्हिसचं अकाउंट काढून दिलं, पासवर्ड तिने स्वतः टाकला, मी तोंड फिरवून उभी राहिले, सगळं नीट. फक्त फॉर्ममध्ये एक रकाना असतो, रिकव्हरी ईमेल, पासवर्ड विसरलात तर दुसरा पत्ता द्या. तिने सवयीने जुना जीमेलचा पत्ता टाकला. तो जीमेल नवऱ्याच्या फोनवर पण चालू होता. दहा मिनिटात तिथे मेल गेला की तुम्ही अमुक अमुक नवीन अकाउंटसाठी हा पत्ता दिलाय, कन्फर्म करा. त्या रात्री घरी काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. चूक माझी होती, तो रकाना मी बघायला हवा होता, आणि तेव्हापासून या विषयावर जे काही सापडेल ते मी वाचत आलेय. वाचल्यावर लक्षात आलं की तोच रकाना युरोपात पण एका माणसाला भोवलाय आणि तिथे तर मागे पोलीस होते.

आधी साध्या शब्दात सांगते. बँकेचा लॉकर डोळ्यासमोर आणा. तुमची किल्ली तुमच्याकडे, ती नसेल तर बँकेलाही लॉकर उघडत नाही, आत दागिने आहेत का कागद ते मॅनेजरला माहीत नसतं. एन्क्रिप्टेड ईमेल म्हणजे एवढंच, मजकूर आत आणि किल्ली तुमच्याकडे. पण लॉकर रूममध्ये जाताना रजिस्टरवर सही करता ना? नाव, तारीख, किती वाजता आलात, किती वाजता गेलात. ते रजिस्टर बँकेचं. नॉमिनी कोण लिहिलाय तो फॉर्मही बँकेचा. ईमेलमध्ये रजिस्टर म्हणजे तुम्ही कुठल्या आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या नंबरवरून आलात, कधी आलात, कोणाला मेल टाकला, कोणाकडून आला, आणि नॉमिनी म्हणजे तो रिकव्हरी ईमेल. हे रजिस्टर ठेवायचं की नाही, कोणी मागितलं तर द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवत नाही, बऱ्याचदा कंपनीपण ठरवत नाही, ती कंपनी ज्या देशात नोंदलेली आहे तिथलं कोर्ट ठरवतं. तुमच्या चौकटीत नेमकं हे गायब आहे.

प्रोटॉनमेलचंच घ्या, कारण तुमच्या टिपेत नाव नसलं तरी वर्णन तेच आहे. ही कंपनी जिनिव्हाची, सर्न प्रयोगशाळेतल्या मंडळींनी २०१४ ला काढलेली, आणि चांगली आहे, मी स्वतः वापरते. त्यांच्या वेबसाईटवर पूर्वी लिहिलेलं असायचं की आम्ही आपणहून आयपी लॉग ठेवत नाही. फ्रान्समध्ये पर्यावरणवाल्या पोरांचा एक गट पॅरिसच्या सांत-मार्त चौकाच्या भागात इमारतींमध्ये ठाण मांडून बसला होता, त्यांचा एक प्रोटॉनचा पत्ता होता. फ्रेंच पोलिसांना तो माणूस कोण ते हवं होतं. थेट प्रोटॉनकडे जाऊन उपयोग नव्हता कारण स्विस दंड संहितेचं कलम २७१ सांगतं की परक्या देशाच्या सरकारला तुम्ही परस्पर असली माहिती द्यायची नाही, दिलीत तर तुमच्यावरच गुन्हा. म्हणून फ्रेंच पोलीस युरोपोल, म्हणजे युरोपातल्या देशांच्या पोलिसांना जोडणारी संस्था, तिच्यामार्फत स्विस अधिकाऱ्यांकडे गेले, स्विस अधिकाऱ्यांना ते स्विस कायद्यात बसतंय असं वाटलं, त्यांनी प्रोटॉनला आदेश काढला की या एका अकाउंटचं लॉगिंग सुरू करा. आदेश स्विस, कंपनी स्विस, नाही म्हणायला जागा नाही. आयपी गेला, फोन कुठल्या प्रकारचा ते गेलं, आणि माणूस सापडला. सप्टेंबर २०२१ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि वेबसाईटवरची ती ओळ बदलली गेली.

आता यातलं चांगलं काय तेही सांगते, नाहीतर मी नुसती भीती घालतेय असं होईल. त्या पोरांच्या मेलमधला मजकूर गेला नाही, जाऊच शकत नव्हता, प्रोटॉनकडे किल्लीच नाही. आणि तुमच्याकडे जुनं रजिस्टर असेल ते काढा असा प्रश्नच नव्हता, आदेश आल्यानंतर पुढचं नोंदलं गेलं. म्हणजे स्विस कायद्याने संरक्षण दिलं, पण ते संरक्षण परक्या पोलिसांनी परस्पर दार ठोठावण्यापासून, स्विस न्यायाधीशापासून नाही. कंपनी स्वतःच दरवर्षी आकडे छापते, २०२३ मध्ये ६,३७८ कायदेशीर आदेश आले आणि त्यातले ५,९७१ पाळले. हे वाचल्यावर 'जगात कोणीच' हे शब्द कसे टिकतात तुम्हीच सांगा.

आणि तो रिकव्हरीचा रकाना. २०२४ मध्ये स्पेनच्या पोलिसांना कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याच्या चळवळीतला, त्सुनामी डेमोक्रॅटिक म्हणतात त्या आंदोलनाशी जोडलेला एक माणूस शोधायचा होता. परत तीच वाट, स्पेनकडून स्वित्झर्लंड, स्वित्झर्लंडकडून कंपनी. कंपनीकडे देण्यासारखं होतं ते एकच, त्याने टाकलेला रिकव्हरी ईमेल. तो पत्ता निघाला अ‍ॅपलचा. मग पोलीस अ‍ॅपलकडे गेले आणि अ‍ॅपलकडे काय, फोन घेतलेल्या माणसाचं नाव, पत्ता, नंबर सगळंच असतं. मजकुराला कोणी हातसुद्धा लावला नाही. मी ही बातमी वाचली तेव्हा मला आमची ती बाई आठवली, तोच फॉर्म, तोच रकाना, मनाची तीच सवय.

जर्मनीत गोष्ट अजून वेगळी. टुटानोटा, आता नाव टुटा, ही हॅनोव्हरची कंपनी. २०२० मध्ये एका गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीला खंडणीचे मेल आले, कोलोनच्या कोर्टाने सांगितलं की त्या अकाउंटवर नजर ठेवायची सोय करा. टुटाकडे तशी सोयच नव्हती, कोर्टाने ती बनवायला लावली. एन्क्रिप्ट केलेले मेल त्यांना उघडता येत नव्हतेच, पण बाहेरून जे मेल साध्या स्वरूपात येतात ते लॉकरमध्ये जायच्या आधी क्षणभर उघडे असतात ना, त्याची प्रत काढून द्यायची. इथे जरा थांबा, कारण बहुतेक लोकांना हेच कळत नाही. तुमचं अकाउंट टुटाचं असो की प्रोटॉनचं, समोरचा जीमेलवर असेल तर त्याचा मेल येतो तो साधाच येतो. आपल्याकडे वकील, सीए, शाळा, बँक सगळे जीमेल नाहीतर तसलंच काहीतरी वापरतात. आमच्या त्या बाईने कितीही जपलं तरी तिच्या वकिलांच्या जीमेलमध्ये तिचं प्रत्येक पत्र उघडं पडलेलं आहे, आणि ते अमेरिकन कायद्याखाली. अर्धं घर जिनिव्हात, अर्धं कॅलिफोर्नियात, आणि राहणारी माणसं सांगलीत.

त्यात विषयाची ओळ. मेलला विषय लिहितो ना, तो बऱ्याच सर्व्हिसमध्ये मजकुरासारखा बंद होत नाही, ज्या जुन्या पद्धतीवर हे चालतं तिच्यात विषय पाकिटावर राहतो. प्रोटॉनमध्ये असंच आहे, टुटा विषयपण बंद करतं. वकिलांनी त्या बाईला पाठवलेल्या पहिल्याच मेलचा विषय होता 'घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा'. आत काय आहे ते उघडायची गरज कोणाला उरते?

अमेरिकेचं तर लाव्हाबिटचं उदाहरण प्रत्येक क्लासमध्ये सांगते. टेक्सासमध्ये लॅडर लेविसन नावाचा माणूस ही ईमेल सर्व्हिस चालवायचा, चार लाखांच्या वर लोक वापरत होते, त्यात अमेरिकन सरकारची पाळत उघड करणारा एडवर्ड स्नोडेन. २०१३ मध्ये सरकारने एका माणसाची माहिती मागता मागता सगळ्या सर्व्हिसची किल्लीच मागितली, म्हणजे एकाच्या मागे चार लाखांचं दार उघडणार. त्याने ती किल्ली कागदावर छापून दिली, अकरा पानं, अक्षर इतकं बारीक की वाचता येऊ नये. कोर्टाने दिवसाला पाच हजार डॉलर दंड लावला. ८ ऑगस्ट २०१३ ला त्याने धंदाच बंद केला आणि लोकांना कारणही सांगता आलं नाही कारण बोलायला मनाई होती. दुसऱ्याच दिवशी सायलेंट सर्कल या कंपनीने पण आपली मेल सर्व्हिस बंद केली, अजून कोणी मागायला यायच्या आधीच. मला या माणसाबद्दल खूप आदर आहे. पण प्रत्येक कंपनीचा मालक दुकान बंद करेल या भरवशावर कोणी आपली गुपितं ठेवू नयेत.

कॅनडातली हशमेल तर त्याही आधीची, व्हँकुव्हरची. २००७ मध्ये स्टेरॉइडच्या एका प्रकरणात अमेरिकेने दोन देशांमधल्या कराराखाली मागणी केली, तिथल्या कोर्टाने आदेश काढला आणि बारा सीड्या भरून मेल गेले, आणि तेही वाचता येतील असे, कारण त्यांच्या सोप्या व्हर्जनमध्ये कुलूप सर्व्हरवर लागायचं, म्हणजे पासवर्ड क्षणभर कंपनीच्या हातात यायचा. तेव्हा देश कुठला याच्या इतकंच कुलूप कुठे लागतं, तुमच्या मशीनवर की त्यांच्या, हेही विचारायला पाहिजे.

सर्व्हर युरोपात आहे असं सांगून विकणाऱ्यांबद्दल पण दोन वाक्यं. अमेरिकेच्या कोर्टाने २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे एक मेलबॉक्स मागितला, तो होता आयर्लंडमध्ये डब्लिनच्या सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्ट नाही म्हणाली, २०१६ मध्ये अपिलात जिंकली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २०१८ मध्ये अमेरिकन संसदेने क्लाउड कायदाच करून टाकला की डेटा जगात कुठेही असो, कंपनी अमेरिकन असेल तर द्यायचा. मशीन कुठे आहे ते तितकं महत्त्वाचं राहिलं नाही, मालक कोणाच्या कायद्याखाली आहे ते बघायचं.

बरं स्वित्झर्लंड तरी कायम तसंच राहील का. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या कोर्टाने ईमेल कंपन्या म्हणजे टेलिफोन कंपन्या नव्हेत असा निकाल दिला, तो प्रोटॉनच्या बाजूने होता, टेलिफोनवाल्यांसारखं रेकॉर्ड साठवून ठेवायची सक्ती टळली. आणि २०२५ मध्ये तिथल्याच सरकारने नियम बदलायचा प्रस्ताव आणला की पाच हजारांच्या वर वापरणारे असतील तर लोकांची ओळख पटवून घ्या. प्रोटॉनचे प्रमुख अँडी येन यांनी सांगून टाकलं की हे झालं तर आम्ही देश सोडू, आणि नवीन मशिनरी स्वित्झर्लंडबाहेर न्यायला सुरुवातही केली. ज्या देशाच्या नावावर तुम्ही वाचकांना निर्धास्त व्हा सांगता तिथली कंपनीच निर्धास्त नाही.

आता आपल्याकडचं. आयटी कायद्याचं कलम ६९ सरकारला अधिकार देतं की माहिती उघडून द्या, आणि मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी, म्हणजे इंटरनेटवर तुमचा आयपी झाकून देणाऱ्या कंपन्यांनी, ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं ठेवायचे, तेव्हा एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर उचलले. म्हणजे कायदा तोंडावर आला की कंपन्या देश बदलतात, आपण बदलू शकत नाही.

आणि मग बंदी. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईतल्या शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या तेव्हा तामिळनाडू पोलिसांच्या मागणीवरून प्रोटॉनमेल बंद करायचं घाटत होतं, स्विस सरकार मध्ये पडलं. २९ एप्रिल २०२५ ला कर्नाटक हायकोर्टाने न्यायमूर्ती नागप्रसन्ना यांच्या निकालात केंद्राला सांगितलं की आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली, म्हणजे वेबसाईट बंद करायच्या अधिकाराखाली, प्रोटॉनमेलवर कारवाई सुरू करा. त्या याचिकेत काय होतं ते वाचा, एका कंपनीतल्या बायकांबद्दल घाणेरडे मेल, एआयने बनवलेली खोटी चित्रं, पाठवणारा सापडत नाही. मी हे सोडून पुढे जाऊ शकत नाही. आमच्या केंद्रात अशा बायका येतात, फोन पुढे करतात आणि स्क्रीनकडे बघत नाहीत, मान दुसरीकडे वळवतात आणि म्हणतात तुम्हीच वाचा. त्यांना मी काय सांगू, की पाठवणाऱ्याची प्रायव्हसी महत्त्वाची आहे? नाही सांगत. त्यांना पाठवणारा सापडला पाहिजे, आणि फ्रान्सच्या पोलिसांना सापडला, स्पेनच्या पोलिसांना सापडला, त्यांनी स्वित्झर्लंडच्या दारातून जाऊन रीतसर मागितलं. आपल्याकडे बाई सायबर पोलिसात गेली की तिला सांगतात कंपनी परदेशातली आहे, उत्तर देत नाहीत. कंपनी थेट उत्तर देणारच नाही, कलम २७१ आहे, पण दिल्लीमार्फत स्विस सरकारकडे मागता येतं हे जिल्ह्याच्या पातळीवर किती जणांना शिकवलंय? तो अर्ज कसा लिहायचा, तो गुन्हा तिकडच्या कायद्यातही गुन्हा ठरतो हे कसं मांडायचं, हे शिकवायला पाहिजे, आणि लवकर, कारण आयपीची नोंद कोणी आपली वाट बघत साठवून ठेवत नाही. बंदी घातली तर काय होईल, घाणेरडा मेल पाठवणारा दुसऱ्या सर्व्हिसवर जाईल, आणि जी बाई नवऱ्याच्या नजरेआड वकिलाला लिहिते तिचा रस्ता बंद होईल. माझा राग यावर आहे. पीडित बाईच्या नावाने काढलेला आदेश दुसऱ्या पीडित बाईचं कुलूप काढून घेतो.

म्हणून आम्ही केंद्रात आता आधी एकच विचारतो, तुम्हाला कोणापासून जपायचंय. नवरा, सासरा, ऑफिसचा साहेब असेल तर कंपनी जिनिव्हाची की हॅनोव्हरची याने काडीचा फरक पडत नाही, फरक पडतो फोन कोणाच्या हातात जातो, रिकव्हरीला काय टाकलं, विषयाच्या ओळीत काय लिहिलं याने. आणि पत्रकार असाल, आंदोलनात असाल, सरकारच समोर असेल तर मग देश बघा, त्या देशाचा आपल्या देशाशी करार काय आहे ते बघा, लॉगिन टॉरमधून, म्हणजे आयपी लपवणाऱ्या ब्राउझरमधून करा, रिकव्हरीचा रकाना रिकामा ठेवा. एवढं तुमच्या चौकटीत मावलं असतं. दुरुस्ती छापाल का, शक्यतो त्याच जागी, त्याच आकारात, कारण ते कात्रण अजून किती पर्समध्ये आहे कोणाला माहीत.

त्या बाईला आम्ही नंतर नवीन अकाउंट काढून दिलं, केंद्राच्या मशीनवर, तिच्या फोनला न शिवता. रिकव्हरी ईमेल नाही, त्याऐवजी सर्व्हिसने दिलेले बारा शब्द, इंग्रजी, एकमेकांशी काही संबंध नसलेले. तिला इंग्रजी जेमतेम येतं, तिने एकेक अक्षर बघून वहीच्या पानावर उतरवलं, मी मागून तपासलं, एका शब्दात एक अक्षर राहिलं होतं ते घातलं. मग तिने ते पान वहीतून फाडलं, चार घड्या घातल्या. ते कुठे ठेवलंय ते मी तिला विचारलेलं नाही.

आपली,
एक वाचक, सांगली